मागच्या चाकांचा हिशेब

पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे टांगलेलं असतं. गाडीच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के भार एकट्या मागच्या जोडीवर येतो. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधल्या शून्यावर प्यूजोनं हरकत घेतली आणि ते ९११ झालं. नावाचा तिढा लवकर सुटला, पण मागच्या वजनाला शिस्त लावण्यात कंपनीच्या अभियंत्यांची पुढची कित्येक वर्षं गेली.

सुरुवातीच्या गाड्या वळणावर चालकानं अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागून फिरायच्या. त्यावरचा पहिला उपाय अगदी उघडावाघडा होता: पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी सुमारे ११ किलोचे बिडाचे ठोकळे बसवण्यात आले. खरा इलाज १९६९ च्या मॉडेलला झाला. मागच्या चाकांना धरणारे हात लांब करून चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर झालं. इंजिन जागेवरच राहिलं, पण आस त्याच्या जवळ सरकला आणि गाडीचा स्वभाव बदलला. या गाडीच्या मागच्या चाकाची जागा आणि दिशा किती नाजूक आहे, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावं.

आज त्या जुन्या ९११ गाड्या पन्नाशीत पोचल्या आहेत, काही साठीच्या घरात. त्यांच्यातले रबरी बुश वाळून चिरले आहेत, टॉर्शन बार गंजले आहेत, शॉकॲब्झॉर्बर गळतात. मालक हौसेनं नवे भाग मागवतो. बुश बदलतात, बार बदलतात, शॉकॲब्झॉर्बर बदलतात, आणि पहिल्याच फेरीत लक्षात येतं की गाडी आधीपेक्षा वाईट चालते आहे. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग किंचित वाकडं धरावं लागतं. महामार्गावर लेन बदलताना मागची बाजू एक क्षण उशिरा येते. दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये मागच्या टायरची आतली कड गुळगुळीत होते. मग दोष नव्या भागांवर जातो. बहुतेक वेळा भागांत काहीच खोट नसते. ते बसवणं हे अर्धंच काम होतं, उरलेलं अर्धं मोजमापाचं होतं, आणि ते झालेलं नसतं.

आपल्याकडे हे चटकन लक्षात येत नाही, याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या गॅरेजांतली एक अख्खी पिढी ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीवर शिकली. दोन्ही गाड्यांना मागे एकसंध आस आणि कमान पाटे. आस वाकला नसेल आणि पाट्यांचे यू-बोल्ट घट्ट असतील तर मागची चाकं आपोआप समांतर राहायची, तिथे फिरवायला काही नव्हतंच. अलाइनमेंट म्हणजे पुढच्या चाकांचं काम, ही समजूत तिथूनच आली आणि त्या गाड्यांपुरती ती बरोबरही होती. गंमत अशी की जुन्या ॲम्बॅसडरला पुढे टॉर्शन बारच होते, त्यामुळे पीळ देऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांडी आपल्या जुन्या मिस्त्रींना अजिबात नवखी नाही. नवखं आहे ते तिचं मागच्या बाजूला असणं, आणि तिच्या जोडीला येणारे कोन.

कोन दोन. चाकाचा वरचा भाग गाडीच्या आत किंवा बाहेर किती कलला आहे, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर चाकाचं नाक आत किंवा बाहेर किती वळलं आहे, तो टो. कॅम्बर अंशांत मोजतात, टो मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. १६ इंची रिमवर दहा मिनिटांचा टो म्हणजे रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत सुमारे सव्वा मिलिमीटरचा फरक. रस्त्यावर चालवायच्या ९११ ला मागच्या प्रत्येक चाकाला साधारण एवढाच टो आतल्या बाजूला लागतो. नेमका आकडा वर्षागणिक बदलतो, म्हणून तो त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा.

सव्वा मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा का, हा प्रश्न रास्त आहे. वळणावर चालकानं पाय उचलला की इंजिन मागच्या चाकांना रोखतं. जमिनीकडून चाकावर मागे ओढणारं बल येतं. चाक धरणारा तिरका हात ज्या बुशांवर बसलेला असतो ते थोडे दबतात आणि चाकाचं नाक बाहेर वळतं. त्याच क्षणी भार पुढे सरकतो, मागचे टायर हलके होतात, त्यांची पकड कमी होते. म्हणजे पकड सर्वांत कमी असते तेव्हाच चाक नको त्या दिशेला बघतं. बाहेरच्या चाकाचं नाक बाहेर गेलं की गाडीचा मागचा भाग वळणाबाहेर निघतो. आधीपासून थोडा टो आत ठेवला असेल तर चाक दबूनही सरळपर्यंतच येतं, बाहेर जात नाही. तो सव्वा मिलिमीटर म्हणजे आधीच शिलकीत टाकलेली सुरक्षितता.

पोर्शेनं स्वतः हा प्रश्न किती गांभीर्यानं घेतला याची साक्ष १९७७ मध्ये आलेल्या ९२८ मध्ये सापडते. तिच्या मागच्या रचनेला कंपनीच्या संशोधन केंद्राच्या गावावरून वाइसाख नाव मिळालं. त्यात हाताचा पुढचा जोड मुद्दाम असा केला होता की गाडी रोखली जाताना चाकाचं नाक बाहेर जाण्याऐवजी आत वळावं. ९११ ला मात्र तिरके हात आणि टॉर्शन बार १९८९ पर्यंत टिकले. त्यामुळे कॅरेरा ३.२ पर्यंतच्या प्रत्येक ९११ च्या मागच्या चाकाची दिशा कारागिराच्या हातात आहे, आणि त्याच्या चुकीवर पांघरूण घालणारी कुठलीही हुशार यंत्रणा त्या गाडीत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मागच्या आसनाखाली आडव्या नळीत दोन टॉर्शन बार असतात, डावा आणि उजवा. टॉर्शन बारची कल्पना याच घराण्याची: फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयानं १९३१ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि ती आधी बीटलमध्ये वापरली गेली. बारचं आतलं टोक नळीच्या मधोमध पक्कं रुततं, बाहेरचं टोक एका चपट्या पोलादी पट्टीत जातं. या पट्टीला स्प्रिंग प्लेट म्हणतात. तिचं दुसरं टोक चाक धरणाऱ्या हाताला चार बोल्टनी जोडलेलं असतं. चाक वर गेलं की पट्टी फिरते आणि बारला पीळ बसतो.

बारच्या दोन्ही टोकांना दाते असतात: आत ४०, बाहेर ४४. या दोन आकड्यांत मोठं डोकं चालवलेलं आहे. आतला एक दात म्हणजे ९ अंश. बाहेरचा एक दात म्हणजे ८.१८ अंश. नुसता बाहेरचा एक दात चुकला तरी चाक सहा सेंटीमीटरच्या आसपास वर किंवा खाली जातं, एवढ्या ढोबळ पायऱ्यांनी उंची कशी जुळायची? पण आतलं टोक एका दिशेनं एक दात आणि बाहेरचं उलट दिशेनं एक दात फिरवलं तर फरक उरतो ०.८२ अंशाचा, म्हणजे जवळपास ५० मिनिटांचा, आणि चाकाशी तो पाच-सहा मिलिमीटर होतो. एकही स्क्रू न लावता, दोन संख्यांच्या वजाबाकीतून मिळालेलं हे बारीक समायोजन म्हणजे यंत्ररचनेतलं खरं सौंदर्य आहे. पुढच्या वर्षांत दोन भागांची स्प्रिंग प्लेट आली. तिच्यात आणखी बारीक फरक बाहेरून करता येतो, तरी मूळ दाते बरोबर बसवावेच लागतात.

त्यासाठी पट्टी मोकळी लोंबत असताना तिचा कोन मोजतात. इथे घाई करणारा हमखास फसतो. जॅकवर चढवलेली गाडी कधीच अगदी समतल नसते. म्हणून कोनमापक आधी दाराखालच्या उंबऱ्यावर ठेवायचा, समजा तिथे १ अंश उतार पुढे दिसला, तो लिहून घ्यायचा, मग पट्टीच्या वरच्या कडेवर ठेवायचा आणि उताराची दिशा पाहून वजाबाकी किंवा बेरीज करायची. हाच उंबरा, हीच कड, हाच कोनमापक दुसऱ्या बाजूलाही. दोन्ही बाजूंचे आकडे खडूनं जमिनीवर लिहून ठेवणारा कारागीर पुढचे दोन दिवस वाचवतो.

बार हाताळताना दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. पहिली, कारखान्यातच बारला एका दिशेचा पीळ दिलेला असतो, म्हणून टोकावर डावा-उजवा खूण असते. अदलाबदल झाली तर बार लवकर तुटतो. रंगावरचा ओरखडाही तितकाच वाईट, कारण तिथून गंज आणि गंजातून तडा सुरू होतो. दुसरी, पट्टी नळीच्या खालच्या ओठावर टेकलेली असते तेव्हा ती ताणाखाली असते. तिला ओठावरून खाली सोडताना जॅकचा आधार हवाच. ती सुटते तेव्हा बोटं मधे नसावीत.

बुशचा प्रश्न वेगळाच. कारखान्याचा रबरी बुश पट्टीला चिकटवलेला असतो. चाक वर-खाली होताना तो स्वतः पिळला जातो आणि थोडा भार उचलतो. त्याच्या जागी मोकळा फिरणारा काशाचा बुश टाकला की रबराची ती मदत जाते आणि त्याच दातांवर गाडीची उंची थोडी बदलते. पॉलियुरेथेनचा कडक बुश नीट मापात नसेल तर अडकतो. मग गाडी जॅकवरून उतरवल्यावर एक उंची दाखवते आणि गल्लीत एक चक्कर मारून आणल्यावर दुसरी. अशा अडकणाऱ्या बुशवर केलेलं मोजमाप फुकट जातं. आधी बुश मोकळा करावा, मगच पुढे जावं. रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकत्या चाकानं आवळलेलं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

सगळ्या कामाचा क्रम एकच आहे: आधी उंची, मग कॅम्बर, मग टो, आणि मागची बाजू संपल्याशिवाय पुढच्या चाकांना हात लावायचा नाही. तिरक्या हाताची रचनाच अशी आहे की चाक वर गेलं की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. म्हणून टो जुळवल्यावर उंची बदलणं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून करणं. गाडी दिसायला ऐटदार हवी म्हणून खूप खाली बसवलेल्या ९११ मध्ये चाकं वरून इतकी आत कलतात की समायोजनाची जागाच संपते. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मागे साधारण एक अंश किंवा त्याहून थोडा जास्त कॅम्बर पुरतो. त्यापुढे टायरची आतली कड त्याची किंमत मोजते.

उंची ठरवताना मडगार्डपासून जमिनीपर्यंत टेप लावण्याची सवय सोडावी. साठ वर्षांत पत्रा दुरुस्त झालेला असतो, टायरही वेगळे असतात. कंपनीची पद्धत टॉर्शन बारचं केंद्र आणि चाकाचं केंद्र यांच्या उंचीतला फरक मोजण्याची आहे, तीच विश्वासाची. टायरमध्ये हवा बरोबर असावी, टाकीत पेट्रोल असावं आणि चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतका भार असावा. चार चाकांखाली चार वजनकाटे मिळाले तर सोन्याहून पिवळं. डुगडुगणाऱ्या स्टुलाचे समोरासमोरचे दोन पाय जसे सगळा भार घेतात, तसा एक मागचा कोपरा थोडा उंच राहिला तरी तिरक्या रेषेतली दोन चाकं जड होतात. पुढे उंची बदलायला एकेक स्क्रू असल्यामुळे कोपऱ्यांचा शेवटचा बारीक हिशेब तिथून मिटवता येतो.

मग येतात ते उत्केंद्री बोल्ट, ज्यांचं डोकं एका बाजूला फुगीर असतं आणि फिरवलं की जोडलेला भाग सरकतो. चाकाचा हात आणि स्प्रिंग प्लेट यांच्या सांध्यात असे दोन असतात, एक कॅम्बरसाठी, एक टोसाठी. मोठे बोल्ट थोडे सैल करून आधी कॅम्बर, मग टो. पण एक फिरवला की दुसरा कोनही थोडा हलतो, म्हणून दोन-तीन फेऱ्या होतातच. शिवाय मोठे बोल्ट आवळताना सांधा किंचित सरकतो आणि टो पुन्हा दोन-चार मिनिटांनी बदलतो. मुरलेला कारागीर किती सरकेल याचा अंदाज आधीच धरून ठेवतो. बोल्ट एका बाजूला पार शेवटपर्यंत फिरवूनही आकडा जुळत नसेल आणि दुसऱ्या बाजूला तो मधोमध असेल, तर जोर लावण्यात अर्थ नाही. तो हात कधीतरी खड्ड्यात किंवा कठड्यावर आपटून वाकलेला असतो. १९७४ पासून हे हात ॲल्युमिनियमचे आहेत. वाकलेला ॲल्युमिनियमचा हात सरळ करत बसू नये, बदलावा.

मोजायला संगणकी यंत्र असलं तर उत्तमच. नसलं तरी दोरीनं काम होतं, शर्यतींच्या गॅरेजमध्ये आजही होतं. गाडीच्या पुढे-मागे दोन सरळ नळ्या आणि त्यांच्यावर अगदी सारख्या अंतरावर बांधलेल्या, चाकाच्या मध्याच्या उंचीच्या दोन ताणलेल्या दोऱ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी सारखी नसते. म्हणून दोरी चारही चाकांपासून समान अंतरावर आणायची नाही. पुढच्या जोडीत डावं-उजवं अंतर सारखं, मागच्या जोडीत डावं-उजवं सारखं, एवढं साधलं की दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर होतात. मग पोलादी मोजपट्टीनं दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर घ्यायचं. रिम स्वतः थोडी वाकडी असू शकते, त्यामुळे चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायचं आणि सरासरी काढायची. चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन गुळगुळीत फरश्या ठेवल्या की टायर जमिनीला धरून बसत नाही आणि सस्पेन्शन खरंच सैल होऊन बसतं.

एक उदाहरण घेऊ. डाव्या मागच्या चाकाची पुढची कड दोरीपासून ५१ मिलिमीटर, मागची ५०. म्हणजे १ मिलिमीटर आत, सुमारे आठ मिनिटं. उजव्या चाकाची पुढची कड ५०, मागची ५०.५. म्हणजे अर्धा मिलिमीटर बाहेर, सुमारे चार मिनिटं. दोन्हींची बेरीज केली तर टो चार मिनिटं आत, आणि नुसती बेरीज पाहणाऱ्याला तो बरा वाटेल. पण दोन्ही चाकं उजवीकडे बघत आहेत. त्यांची सरासरी दिशा मध्यरेषेपासून सहा मिनिटं उजवीकडे आहे. मागची जोडी गाडीला त्या दिशेनं ढकलते, नाक डावीकडे जाऊ पाहतं आणि चालक नकळत स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवतो. ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये आली की पुढचे टाय रॉड फिरवून स्टेअरिंग सरळ करून दिलं जातं. स्टेअरिंग सरळ होतं, गाडी तिरकीच धावत राहते, आणि डाव्या वळणावर ती वेगळी वागते, उजव्या वळणावर वेगळी. म्हणूनच मागचं आधी. पुढची चाकं मागच्यांच्या दिशेला जुळवायची असतात, उलट कधीच नाही.

डाव्या-उजव्या बाजूंची समानता ही एकूण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, यात शंका नको. दोन्ही चाकांना पंधरा-पंधरा मिनिटं असतील तर टायर थोडा जास्त झिजेल. एकाला वीस आणि दुसऱ्याला शून्य असेल तर पावसात, उतारावरच्या वळणात, गाडी कधी दगा देईल सांगता येत नाही. छापील कागदावर सगळे आकडे हिरव्या पट्ट्यात असले तरी दोन बाजूंमधला फरक मालकानं स्वतः बोट ठेवून वाचावा, आणि काम करून घेण्याआधी व नंतर, दोन्ही वेळचे कागद मागून घ्यावेत.

नवे बुश आणि नव्यानं पीळ घेतलेले बार बसायला काही शे किलोमीटर जातात, आणि तेवढ्यात मागची उंची काही मिलिमीटर उतरू शकते. उंची उतरली की टोही बदलला. जुनी ९११ सांभाळणाऱ्यानं म्हणून त्या किलोमीटरनंतरची दुसरी मोजणी कामाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरावी आणि ती होईपर्यंत घाटात गाडी जोरात हाकू नये.